चोपताच्या वाटेवरची दारुहळद: ओळख, फळं, लागवड आणि सासूबाईंचा काढा

ताई, तुमचे प्रश्न वाचले, फोटो झूम करून करून बघितले. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. यांनी मे महिन्यात उत्तराखंडातला चोपता-तुंगनाथ ट्रेक केला, वाटेत पिवळ्या फुलांच्या घोसांनी भरलेली काटेरी झुडपं दिसली, खाली उखीमठकडच्या एका गावात मुलांनी तशाच काटेरी झुडपाची जांभळी फळं खायला दिली, आणि गाइडने "शुगरवर एक नंबर" म्हणून मुळाचा पिवळाजर्द तुकडा हातात ठेवला. आता त्यांना विचारायचंय की हे झुडूप नक्की कुठलं, फळं खाल्ली ते बरोबर केलं का, नाशिकजवळच्या शेताच्या बांधावर लावता येईल का, गव्हावर तांबेरा येतो म्हणतात ते खरं का, आणि सासूबाईंनी त्या मुळाचा काढा सुरू केलाय शिवाय ऑनलाइन मागवलेल्या बर्बेरिनच्या (दारुहळदीतलंच पिवळं द्रव्य) कॅप्सूल चालू आहेत, ते चालेल का. मी द्रव्यगुण, म्हणजे आयुर्वेदातलं औषधी द्रव्यांचं शास्त्र, शिकवते आणि चिकित्साही करते, हिमालयात वनस्पती बघायला वरचेवर जाणं होतं, तेव्हा जेवढं खात्रीने माहीत आहे तेवढं सगळं लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

सासूबाईंचं आधी, कारण बाकी सगळं थांबू शकतं. तुम्ही लिहिलंय की त्यांना ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी चालू आहे. मग काढा आणि कॅप्सूल दोन्ही आजच थांबवा आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन करून काय काय आणि किती दिवस घेतलं ते सांगा, मूळची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. दारुहळद शुगर खाली आणते म्हणूनच ही काळजी आहे. चरकसंहितेत प्रमेहासाठी (मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगांसाठी) दारुहळद, देवदार, त्रिफळा आणि नागरमोथा यांचा काढा सांगितलाय, आम्ही तो आजही देतो, आणि आधुनिक बाजूनेही २००८ साली चीनमधल्या एका छोट्या चाचणीत नव्याने मधुमेह निघालेल्या ३६ रुग्णांत बर्बेरिनने शुगर जवळपास मेटफॉर्मिनइतकी उतरलेली दिसली. पण ती ३६ माणसं होती, तीन महिन्यांचा अभ्यास होता आणि डॉक्टरांची नजर होती. ग्लिमेपिराइड स्वतःच शुगर पाडणारी गोळी, तिच्यावर हे चढवलं तर सत्तरीच्या बाईला पहाटे घाम फुटून चक्कर यायला वेळ लागत नाही, त्यात एकादशीचा उपास असला तर बघायलाच नको.

दुसरं म्हणजे बर्बेरिन लिव्हरमधल्या ज्या एन्झाइम्सकडून बरीच औषधं मोडली जातात त्यांनाच अडवतं, त्यामुळे कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, किडनी बदललेल्यांची सायक्लोस्पोरिन, अशा औषधांची रक्तातली पातळी वाढते. आणि तुमच्या नणंदबाईंना सातवा महिना आहे असं शेवटी सहज लिहिलंत, तर त्यांना "थोडासा घे, रक्त शुद्ध होतं" म्हणून चमचाभरही देऊ नका. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असतानाही नाही. नवजात बाळाच्या रक्तात बिलिरुबिनला जी प्रथिनं धरून ठेवतात त्यांच्यावरून बर्बेरिन त्याला ढकलून देतं, आणि तसं मोकळं झालेलं बिलिरुबिन बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतं. सिंगापूरमध्ये याच कारणाने १९७८ पासून बर्बेरिनवाल्या औषधांवर कित्येक वर्षं बंदी होती. हल्ली इंटरनेटवर बर्बेरिनला वजन उतरवण्याच्या इंजेक्शनचा नैसर्गिक पर्याय म्हणून जे खपवतात त्यात यातलं एक अक्षर सांगत नाहीत, याचा मला फार राग येतो.

असो. आता झुडूप.

पहिला फोटो चोपताजवळचा, म्हणजे साधारण २७०० मीटर उंची, मागे बांज (तिकडचा ओक) आणि बुरांसचं (ऱ्होडोडेंड्रॉन) जंगल आणि पुढे गवताचा उतार. ही दारुहळदच, बर्बेरिस अरिस्टाटा. हिला दोन ते तीन हजार मीटरचा पट्टा मानवतो, आणि तोही दाट सावलीतला नाही, जंगलाची कड, उघडे उतार, पायवाटेच्या बाजू, जिथे ऊन आणि थंडी दोन्ही भरपूर. पानं दोन्ही बाजूंनी हिरवी, वरून चकचकीत, आणि फुलांचे लांबट घोस खाली लोंबलेले, हे तुमच्या फोटोत अगदी स्पष्ट आहे. फांदीवर जिथे जिथे पानांचा झुबका आहे त्याच्या बरोबर खाली तीन टोकांचा काटा दिसेल, तो काटा म्हणजे मूळचं पानच, त्याचं काट्यात रूपांतर झालंय आणि त्याच्या बगलेतून आखूड फांदीवर खरी पानं आलीत. हा तीन टोकी काटा आणि नखाने साल खरवडली की आत दिसणारं पिवळंधमक लाकूड, एवढ्या दोन गोष्टी जुळल्या की तुम्ही बर्बेरिसच्या कुळात आहात हे नक्की, पुढे जात कुठली ते पानं आणि घोस बघून ठरवायचं.

दुसरा फोटो, उखीमठच्या बाजूचा, ही वेगळी जात आहे. तुम्ही पान उलटं धरून फोटो काढलात ते फार छान केलंत, खालची बाजू पांढरट आहे, पान जाड चामड्यासारखं, शिरांची जाळी उठलेली, आणि घोस आखूड, फांदीला चिकटून. ही बर्बेरिस एशियाटिका. ती खालच्या उंचीवर वाढते, फुलतेही आधी आणि पिकतेही आधी, म्हणून तुम्हाला एकाच आठवड्यात वर फुलं आणि खाली पिकलेली फळं मिळाली. हिमाचलकडे गेलात तर तिसरी भेटेल, बर्बेरिस लायसियम, तिची पानं अरुंद लांबट, देठ जवळजवळ नसलेली आणि मागून राखाडी. गढवाली माणूस या सगळ्यांना किनगोड म्हणतो, कुमाऊंमध्ये किलमोडा, हिमाचलात कशमल, नेपाळात चुत्रो. बाजारातही या सगळ्यांची लाकडं दारुहळद म्हणूनच एका पोत्यात येतात, सगळ्यांत बर्बेरिन असतं, कमी-जास्त.

पुढच्या वेळी मे महिन्यात गेलात की एक गोष्ट नक्की करून बघा. एक ताजं उघडलेलं फूल घ्या, त्यात सहा पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीला टेकून एक असे सहा पुंकेसर असतात, पाकळीच्या बुडाशी दोन दोन नारिंगी ठिपके दिसतील, त्या मधाच्या ग्रंथी. गवताची बारीक काडी घेऊन पुंकेसराच्या अगदी मुळाशी, आतल्या बाजूला, हलकेच टोचा. केसर झटकन आत वळतो आणि मधल्या हिरव्या गड्डूवर आपटतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मधमाशी मधासाठी तिथेच सोंड घालते, त्यामुळे परागांचा फटका थेट तिच्या तोंडावर बसतो आणि तेच घेऊन ती पुढच्या फुलावर जाते. थोडा वेळ थांबलात तर केसर सावकाश परत आपल्या जागी जाऊन पाकळीला टेकलेला दिसतो, मग परत टोचा, परत आपटतो. विद्यार्थ्यांना मी हे दाखवते तेव्हा पुढच्या चढाईची घाई सगळे विसरतात. परागकोश लेन्सखाली बघा, म्हणजे कळतं, ते चिरून उघडत नाहीत, त्यांना छोटी झाकणं असतात आणि ती वर उचलली जातात.

फळांबद्दल निर्धास्त राहा. पहाडातली मुलं ती पिढ्यान्‌पिढ्या खात आलीत, पिकलेली जांभळी-निळी, वर पांढरट भुकटीसारखा थर असलेली, आंबटगोड, जीभ जांभळी करणारी. एकदोन मुठी खाल्ल्याने निरोगी मोठ्या माणसाला काही होत नाही, बर्बेरिनचा खरा साठा मुळाच्या आणि खोडाच्या सालीत आहे, पिकलेल्या फळात नाही. कच्ची हिरवी खाऊ नका, आणि गरोदर बाईने फळंही टाळलेली बरी, उगाच कशाला. या कुळाची फळं आपल्याकडेही लोक आवडीने खातात बरं का, फक्त ओळखत नाहीत. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियामध्ये जो बेरी पुलाव मिळतो त्यातल्या त्या लाल आंबट बेऱ्या म्हणजे इराणमधल्या बर्बेरिसची वाळवलेली फळं, जरिश्क.

लागवडीचं. नाशिकजवळच्या बांधावर दारुहळद लावू नका, जगणार नाही, आणि कशीबशी जगलीच तरी ना फुलेल ना फळेल. तिच्या बियांना उगवायलाच थंडीतून जावं लागतं, आणि आपला एप्रिल-मे तिला झेपत नाही. दक्षिणेत ती निलगिरी, पळणीसारख्या उंच डोंगरांवर आहे, तिथे शोला जंगलांच्या कडेला आणि गवताळ माळांवर बर्बेरिस टिंक्टोरिया म्हणून हिची जवळची बहीण भेटते, पण तीही उंची सोडून खाली येत नाही. आपल्या सह्याद्रीत, अगदी कळसूबाई-साल्हेरला सुद्धा, मला तरी रानात कधी दिसलेली नाही. काही नर्सऱ्या "दारुहळद" म्हणून रोप विकतात, त्यात बरेचदा चक्क आंबेहळदीचा कंद असतो, आणि काही वेळा शोभेची जांभळ्या पानांची जपानी बर्बेरिस असते. तुम्हाला पिवळी फुलंच हवी असतील तर तरवड लावा, आपल्या मातीतलं, दुष्काळाला न घाबरणारं, पावसाळ्यापासून पुढे महिनोन् महिने फुलणारं, गुरंही फारशी तोंड लावत नाहीत. काटेरी कुंपण आणि फळं दोन्ही हवी असतील तर करवंदाला तोड नाही, दोन-तीन पावसाळे जाऊ द्या, बांधातून शेळीही आत शिरणार नाही.

तांबेऱ्याचा प्रश्न मात्र मला फार आवडला, कारण तुमच्या सासऱ्यांनी कुठेतरी ऐकलेलं अर्धं अगदी खरं आहे. गव्हाच्या खोडावर येणारा जो काळा तांबेरा आहे, त्या बुरशीच्या आयुष्यातला एक टप्पा बर्बेरिसच्या पानावर पार पडतो. अमेरिकेत १९१६ साली या तांबेऱ्याने गव्हाची धूळधाण केली आणि १९१८ पासून तिथे युरोपातून आलेली बर्बेरिस व्हल्गॅरिस उपटून टाकायची सरकारी मोहीम निघाली, शाळेतल्या पोरांना सुद्धा झुडपं शोधायला लावलं होतं. पण भारतात गोष्ट वेगळी आहे, आणि ती शोधून काढली आग्र्याच्या प्रा. के. सी. मेहतांनी. त्यांनी वर्षानुवर्षं डोंगर-मैदान धुंडाळून दाखवलं की आपल्याकडे दरवर्षी येणाऱ्या तांबेऱ्यात हिमालयातल्या बर्बेरिसचा काही हात नाही. उन्हाळ्यात मैदानातला गहू काढला जातो, उरलंसुरलं उन्हाने जळून जातं, बुरशी मरते. पण डोंगरात थंडाव्याला वर्षभर कुठे ना कुठे गहू, आपोआप उगवलेली गव्हाची रोपं उभी असतात, त्यांच्यावर ती तग धरते आणि पुढच्या हंगामात बीजाणू वाऱ्यावरून खाली येतात. मध्य भारतात आणि आपल्याकडे हे बीजाणू मुख्यतः निलगिरी-पळणीकडून येतात, नोव्हेंबरच्या आसपास बंगालच्या उपसागरात वादळं होतात त्यांच्या वाऱ्याबरोबर. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचं संशोधन केंद्र आहे ते उगाच नाही, तिथल्या हवेत बुरशी छान पोसते म्हणून नव्या वाणांची परीक्षा तिथे घेता येते. तेव्हा सासऱ्यांना सांगा, दारुहळद लावायची नाही ती हवामानासाठी, आणि तांबेऱ्यापासून वाचायचं तर तांबेराप्रतिबंधक वाण घ्या आणि पेरणी लांबवू नका.

आता त्या मुळाच्या तुकड्याकडे येते, कारण हे सगळं लिहायला बसले ते खरं त्याच्यासाठी.

दारुहळदीचं मूळ काढायचं म्हणजे झुडूप खणून काढावं लागतं. गैतीने मुळं उकरतात, दगड हलवतात, आणि त्या जागी उतारावर खड्डा राहतो, पावसाळ्यात तिथूनच माती सुटते. ते झुडूप संपलं. त्या उतारावर ते काय करत होतं ते बघा ना, फळं बुलबुल आणि इतर पाखरांना, फुलं मधमाशांना, आणि काट्यांच्या आड बकऱ्यांपासून वाचलेली बांजची, इतर झाडांची कोवळी रोपं. असे खणलेले उतार मी गढवालात आणि हिमाचलातही पाहिलेत आणि पाहवत नाही. गावातल्या माणसाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, त्याला किलोमागे हातावर टेकवलेले पैसे दिसतात आणि शेती तर दोन वाफ्यांची, मागणी खाली आपल्या शहरांतून जाते. मुळातच जास्त बर्बेरिन असतं म्हणून अर्क काढणाऱ्यांना मूळ हवं असतं, आणि गिऱ्हाइकालाही कोणीतरी सांगितलेलं असतं की "मूळच आणा, खोडात दम नाही".

आणि हे म्हणणं शास्त्राला धरून नाही. आयुर्वेदिक फार्माकोपिया ऑफ इंडिया, म्हणजे आपल्याकडचं अधिकृत मानक, त्यात दारुहरिद्रा या नावाखाली जे द्रव्य दिलंय ते बर्बेरिस अरिस्टाटाचं वाळवलेलं खोड आहे. खोड! चरकाने लेखनीय, अर्शोघ्न, कण्डूघ्न अशा गणांत दारुहळद घातलीय, मूळव्याध, खाज, मेद यांत ती वापरतो, आणि या कामांना खोड व्यवस्थित पुरतं, मी माझ्या औषधांत वर्षानुवर्षं खोडच वापरत आलेय आणि रुग्णांना गुण येतो. खोड बुंध्यापासून वीतभर वर कापलं तर झुडपाला परत धुमारे फुटतात, चार-पाच वर्षांनी त्याच झुडपाचं परत खोड घेता येतं, गावालाही परत पैसे मिळतात. म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगते, मूळ मागू नका. वैद्यांनीही मागू नका, औषध बनवणाऱ्यांनी तर नाहीच नाही.

बाजारात घेताना काय बघायचं. चूर्ण घेऊच नका, तुकडे घ्या. चूर्णात साधी हळद मिसळलेली सर्रास सापडते, आणि ती ओळखायला घरचा चुना पुरे, आपण हळदीला चुना लावून कुंकू करतो ना, तसंच चिमूटभर चूर्ण पाण्यात कालवून त्यात थोडा चुना घाला, लालभडक झालं तर हळद आहे, दारुहळदीने तसा लाल रंग येत नाही. तुकड्यांचा आडवा काप बघा, लाकूड कठीण, पिवळं, मधून कडेकडे गेलेल्या बारीक रेषा, चावलं तर कडूजहर आणि थुंकी पिवळी. नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर अंधारात मारा, लाकूड चमकदार पिवळं उजळतं. पण या टॉर्चवर पूर्ण भिस्त ठेवू नका, कारण दक्षिणेत दारुहळद म्हणून दुसरीच एक वनस्पती विकतात, मरमंजळ, कॉसिनियम फेनेस्ट्रॅटम, ती वेल आहे, तिच्यातही बर्बेरिन असल्याने तीही उजळते. तिचा काप जास्त सच्छिद्र, रेषा रुंद, वजनाला हलका. ती तर आणखीच संकटात आहे, केरळ-कर्नाटकाच्या घाटातल्या जंगलात ती वाढायला कित्येक वर्षं लागतात, नर-मादी वेल वेगळे, एक तोडला तर दुसऱ्याला बी धरायची पंचाईत, म्हणूनच आपल्या निर्यातबंदीच्या यादीत तिचं नाव आहे. ती अजिबात घेऊ नका.

रसांजन किंवा रसोत मागवणार असाल तर तोही याच लाकडाचा, काढा आटवून त्यात दूध घालून परत घट्ट होईपर्यंत आटवतात, काळपट तपकिरी वडी होते. चांगला रसोत पाण्यात जवळजवळ सगळा विरघळतो आणि पाणी पिवळं होतं, भांड्याच्या तळाला चिखल बसला तर परत करा. ग्रंथांत तो डोळ्यांसाठी सांगितलाय हे खरं, पण बाजारचा रसोत घरी कालवून डोळ्यात घालायचा नाही, निर्जंतुक नसतो तो. मूळव्याधीत आणि बायकांच्या अंगावर पांढरं जाण्यात तो पोटातून देतात, तेही वैद्याने नाडी-प्रकृती बघून, चालू औषधं विचारून.

तुमच्याकडचा तो मुळाचा तुकडा आता परत झुडूप होणार नाही, तेव्हा फेकू नका. कूट करून पाण्यात उकळा आणि त्यात लोकरीचा किंवा रेशमाचा पांढरा धागा बुडवा, तुरटीही लागत नाही, सुरेख लिंबू-पिवळा रंग चढतो, उन्हात मात्र लवकर विटतो. आणि गाइडचा नंबर असेल तर त्याला नक्की कळवा की पुढच्या पाहुण्यांना मूळ काढून देऊ नकोस, हवं तर किनगोडची वाळवलेली फळं दे, लोक आनंदाने पैसे देतील. सासूबाईंची शुगर पुढचे चार-पाच दिवस सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर मोजून लिहून ठेवा, डॉक्टरांना तो कागद लागेल, आणि त्यांना काढाच हवा असेल तर तो कागद घेऊन जवळच्या चांगल्या वैद्यांकडे जा, दोघांनाही एकमेकांची औषधं माहीत असू द्या.